तुमी व्हा म्होरं

आमच्या ह्यांना काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं की ते का नाही, याचीच काळजी. मूल शांत झोपलं तर ते आजारी तर नाही ना, आणि रडलं तर काय झालं असेल. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्हाला कंपनीनं टर्नर म्हणून कशाला घेतलं, वॉचमन म्हणून घ्यायचं होतं." ते हसले नाहीत. वॉचमनची जागा कायम असते का, असं त्यांनी विचारलं.

आम्ही तेव्हा पिंपरी गावात राहायचो, रुळांच्या अलीकडे. पत्र्याच्या पाच खोल्या एका ओळीत, समोर एक नळ, मागे मालकिणीचा गोठा. कंपनी रुळांच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला. घरात घड्याळ होतं, पण त्याला कोणी विचारत नसे. कंपनीचा भोंगा झाला की चहा, भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की दिवाबत्ती. कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमच्याकडे रविवार गुरुवारी यायचा. लग्नाची बोलणी, केस कापणं, राहून गेलेली भांडणं, सगळं गुरुवारी. दत्ताचा उपास धरणाऱ्या बायकांचे त्यात हाल व्हायचे, कारण नवऱ्यांना मटणही नेमकं गुरुवारीच हवं असायचं.

शेजारच्या खोलीत मराठवाड्यातलं एक कुटुंब होतं. नवरा-बायको आणि दोन लेकरं, आमच्याइतकीच. तो माणूस ह्यांच्याच लेथवर दुसऱ्या पाळीला होता. मशीन एकच, हे उतरले की ते चढायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांची बायको ह्यांना भाऊजी आणि मला 'बाई' म्हणायची आणि मीही तिला 'बाई'च म्हणायची, त्यामुळे नळावर कोण कोणाला हाक मारतंय हे आमचं आम्हालाच कळायचं. त्यांच्याकडची जयंतीची खीर आमच्याकडे यायची, आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. सुरुवातीला मालकीण त्यांच्या हंड्याकडे तिरकं बघायची. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, "मावशी, नळ तुमचा असेल, पाणी पवनेचं आहे." त्यावर म्हातारी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण बघायची थांबली.

भाऊजींचा स्वभाव ह्यांच्या अगदी उलटा. हसतमुख, मोठ्या आवाजाचे, नकला करण्यात पटाईत. दर गुरुवारी अंगणात बसून ते एकच गोष्ट सांगायचे, आणि आम्ही दर वेळी नव्याने हसायचो. गोष्ट अशी. कंपनीत भरती झाली त्या दिवशी टाइम ऑफिससमोर रांग लागली होती. भाऊजी पुढे आणि त्यांच्या मागे हे. दोघांची तोवर ओळखही नव्हती. हे मागून सारखे त्यांच्या खांद्याला बोट लावून विचारत होते, जागा संपणार तर नाहीत ना? आपल्यापर्यंत येतील ना? पुन्हा थोड्या वेळाने, खिडकी बंद तर करत नाहीत ना? शेवटी भाऊजी कंटाळून बाजूला झाले आणि म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. तुमचं एकदा नाव लागू द्या, म्हंजी माझ्या पाठीमागची पिरपिर तर थांबंल." हे पुढे झाले. कारकुनाने रांगेप्रमाणे पितळी बिल्ले दिले. ह्यांचा नंबर आधीचा, भाऊजींचा त्याच्या लगेच नंतरचा.

भाऊजी ह्यांचा तो घाबरलेला चेहरा असा हुबेहूब करायचे की आमची मुलंसुद्धा लोळायची. हे तेवढ्यापुरते हसायचे.

मग मंदी आली. शब्द आम्हाला नवा होता. दुष्काळ माहीत होता, टंचाई माहीत होती, रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या थापून हात दुखले होते. पण माल आहे, माणसं आहेत, मशीन चालू आहे आणि तरी काम नाही, हे डोक्यात शिरत नव्हतं. आधी ओव्हरटाइम गेला. मग रात्रपाळी गेली, तेव्हा काही बायका खूशच झाल्या. मग दुसरी पाळीही गेली, आणि एका मशीनला दोन माणसं उरली.

युनियनने आणि साहेबांनी मिळून तोड काढली. कोणालाच काढायचं नाही, जोडीतल्या दोघांनी आठवड्याआड यायचं. एक आठवडा हे, एक आठवडा भाऊजी. पगार अर्ध्यावर आला, पण नाव पटावर राहिलं. बुडत्याला काडीचा आधार, तसा सगळ्यांनी तो धरला.

ह्यांच्या रिकाम्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी भोंगा झाला आणि हे उठले. आंघोळ केली, कंपनीचे निळे कपडे चढवले, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, "आज तुमची पाळी नाही." म्हणाले, "माहीत आहे." छातीत धडधडतंय म्हणाले. डॉक्टरकडे नेलं. त्याने नाडी बघून, छाती तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर ह्यांना नवा घोर लागला, की या डॉक्टरला काही कळत नसणार. मन चिंती ते वैरी न चिंती, हे मी त्यांना रोज ऐकवायची. ऐकवून कोणाची काळजी गेली आहे? मलाही ते ठाऊक होतं, पण मला बोलल्याशिवाय राहवत नसे. माझी भीती तोंडातून बाहेर पडायची, त्यांची आत राहायची. एवढाच आमच्यात फरक होता.

दुसऱ्या दिवशीही हे तसेच उंबऱ्यावर. भाऊजी डबा घेऊन कामाला निघाले होते. ते थांबले.

"असं बसून जीव जाईल, राव. उठा. मला गेटापोतर सोडा."

"सोडू?"

"हाव. लेकराला साळंत सोडतेत का न्हाई? तसं."

हे खरंच उठले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. ज्याचा आठवडा रिकामा, त्याने दुसऱ्याला गेटापर्यंत सोडायला जायचं, येताना रॉकेलच्या रांगेत दोन्ही घरांचे डबे लावायचे आणि दुपारच्या भोंग्याला गरम जेवण घेऊन पुन्हा गेटावर जायचं. गेटाबाहेरच्या कडुलिंबाखाली दोघं एकाच डब्यात जेवायचे. बायका चिडवायच्या, बघा, नवरा निघाला नवऱ्याला सोडायला. बाकीच्या खोल्यांतल्या पुरुषांनी आधी चेष्टा केली आणि नंतर त्यांनीही तेच सुरू केलं.

कंपनीचं मोठं लोखंडी गेट सहसा बंद असायचं. त्यातच एक छोटं दार होतं, दिंडी. एकेकाने वाकून त्यातून आत जायचं. बाहेरचा माणूस दिंडीपर्यंत यायचा, आतला आत जायचा, आणि आठवडा संपला की उलट. शनिवार-रविवारचा तिथे संबंध नव्हता, अदलाबदल गुरुवारवर. मशीन सोडताना पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचं, आणि हत्यारांच्या कपाटात दुसऱ्यासाठी काहीतरी ठेवायचं. भाऊजी सुपारीचं खांड ठेवायचे. हे चिठ्ठीवर काळजी लिहून ठेवायचे. लेथचा चक जरा घसरतोय, जपून. पट्टा बघून घ्या. वरचा दिवा कधीही जाईल.

चालण्याने ह्यांची छाती ताळ्यावर आली. रिकाम्या दिवशी डबा पोचवून झाला की मालकिणीबरोबर नदीपलीकडे पिंपळे सौदागरला तिच्या शेतावर जायला लागले. म्हातारी म्हणायची, "बसून काय ऱ्हातोस, चल की. वांगी तोडाया हात लागत्यात, लेथ न्हाई लागत." संध्याकाळी धोतराच्या सोग्यात बांधून आणावी तशी टॉवेलात भाजी घेऊन यायचे. आज तिथे लिफ्टच्या इमारती आहेत, आणि माझी नात तिथल्या दुकानातून वांगी आणते. तिला मी हे सांगितलं तर ती हो हो करते.

ह्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मी, मालकीण, भाऊजी, सगळे विचारायचे, आज बरं आहे ना? भाऊजींना कोणी विचारत नव्हतं. हसणाऱ्याला काय विचारायचं? एकदा नळावर त्यांची बायको हंडा घासता घासता म्हणाली, "तुमचे मालक बोलून मोकळे व्हतेत, बाई. आमचे दिसभर हासतेत अन् रातभर कूस बदलतेत. ताटातलं निम्मं लेकराच्या ताटात सारतेत." मी तिला म्हटलं, बोलते मी त्यांच्याशी. त्याच दुपारी ते अंगणात कोणाची तरी नक्कल करत होते, आणि इतकं हसू आलं की बोलायचं राहून गेलं.

वर्ष असं काढलं. आता माल उचलतील, आता ऑर्डर येईल, म्हणत सगळ्यांचा जीव टांगणीला. मग एका बुधवारी टाइम ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागली. आठवड्याआडची पद्धत बंद. एका मशीनला एकच माणूस. शेवटी आला तो आधी जाणार, असा सगळीकडचा नियम, तोच इथे. जोडीत ज्याच्या बिल्ल्याचा नंबर नंतरचा, तो कमी.

तो आठवडा ह्यांचा होता. दुपारी भाऊजी डबा घेऊन गेटावर गेले तेव्हा नोटीस लागलेली होती, आणि ह्यांनी कडुलिंबाखाली बसून त्यांना ती सांगितली. भाऊजींनी ऐकलं, घास संपवला, डब्याची झाकणं लावली आणि घरी निघाले.

संध्याकाळी हे आले आणि दारातच म्हणाले, "माझं राहिलं." दोन लेकरांच्या आईला जे वाटायचं तेच मला वाटलं. मग माझी नजर मधल्या भिंतीकडे गेली. त्या भिंतीतून आम्हाला त्यांच्याकडच्या भांड्यांचा आवाज, लेकरांचे पाढे, भाऊजींचं खाकरणं, सगळं ऐकू यायचं. त्या संध्याकाळी काहीच येत नव्हतं. दिवा लावायच्या वेळीही नाही.

हे जेवले नाहीत. गुरुवारी सकाळीच युनियनच्या पुढाऱ्याच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले, कारण हे तिथे काय बोलतील याची मला धास्ती होती. ह्यांनी त्याला रांगेची सगळी गोष्ट सांगितली. भाऊजी पुढे होते, मी मागे होतो, त्यांनी मला जागा दिली, म्हणजे नंबर खरा त्यांचा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं. पुढारी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "राव, रांगेत कोण कुठं उभं होतं ते कंपनीला कसं दाखवू? बिल्ल्यावर नंबर आहे, तो आहे."

"मग मी सोडतो. त्यांना घ्या."

"तुम्ही सोडलंत तर तुमची जागा जाईल. त्यांना मिळणार नाही. दोन्ही चुली विझतील."

परतताना रागाने माझं अंग पेटलं होतं. कोणाला न विचारता आमच्या लेकरांच्या तोंडचा घास द्यायला निघाला होता हा माणूस. आणि त्याच वेळी, रूळ ओलांडताना, मला वाटलं की इतका चांगला माणूस मी याआधी पाहिला नाही. दोन्ही खरं होतं. घरी येऊन मी स्टोव्हला उगाच पंप मारत बसले.

शुक्रवारी सकाळी भोंगा झाला. हे उठेचनात. कंपनीचे कपडे समोर, आणि हे गोधडीत. तेवढ्यात दारात भाऊजी. अंगात कंपनीचे कपडे नव्हते, पांढरा सदरा होता, आणि केस पाणी लावून विंचरलेले.

"चला, सोडून येतो," ते म्हणाले.

"आता कशाला," हे आतूनच म्हणाले.

"कामून? रिकाम्या माणसानं सोडाया जायचं, असंच ठरलंय का न्हाई?"

हे गेले. पुढचं मला ह्यांनी संध्याकाळी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. दोघं गेटाशी आले. ह्यांचे पाय दिंडीपाशी अडले. मागून माणसं यायला लागली होती. तेव्हा भाऊजी बाजूला झाले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी व्हा म्होरं."

हे वाकून आत गेले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी सामान बांधलं. बायको माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. भाऊजींनी मुलांना शेवटची एक नक्कल करून दाखवली, पण ती रांगेची नव्हती, मालकिणीची होती. म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली.

त्यानंतर ह्यांचा एकच प्रश्न सुरू झाला. "ते मुद्दाम म्हणाले असतील का गं?" पहिल्यांदा मी म्हटलं, "छे, सहज आलं असेल तोंडातून." पण हा काय एका उत्तरावर थांबणारा माणूस? जेवताना, चालताना, दाढी अर्धी झाली असताना. टोमणा होता का? की हसवायला म्हणाले? की त्यांना आठवलंही नाही, आणि नुसती वाट दिली? मी कधी समजावलं, कधी चिडले. काळजी पूर्वी पुढच्या दिवसांची असायची, आता ती मागच्या एका सकाळला चिकटली. कुठल्याही दारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत हे बाजूला उभे राहायचे आणि सगळे गेले की मग आत यायचे. लोकांना ते सभ्य वाटायचे.

सुरुवातीला गावाकडून पोस्टकार्डं आली, खुशाली आहे, तुमची कळवा. ह्यांनी उत्तरं लिहिली, पण तो प्रश्न कधी लिहिला नाही. असं कागदावर विचारायचं नसतं म्हणाले. मग कार्डं थांबली.

बऱ्याच वर्षांनी, ऐंशी साल उलटलं तेव्हा, कंपनीला पुन्हा माणसं लागायला लागली. कमी केलेल्यांना आधी बोलवायचं ठरलं. हे पोस्टावर विसंबून राहिले नाहीत. रजा काढली, धुतलेले कपडे घातले आणि एसटीने निघाले. निघताना त्यांचा चेहरा इतका उजळ होता की मी थट्टा केली, नवरदेव निघाले. माहीत होतं मला. त्यांना माणूस आणायचा होता, आणि प्रश्न विचारायचा होता.

परत आले ते एकटेच. पिशवी खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. भाऊजी आदल्या पावसाळ्यात काविळीने गेले होते. बायको दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होती. ह्यांना बघून ती म्हणाली होती, "भाऊजी, लई उशीर केलाव."

आठ-दहा दिवसांनी हे कंपनीच्या कँटीनच्या ठेकेदाराच्या मागे लागले. जो माणूस कधी कोणाकडे काही मागायचा नाही, तो रोज सकाळ-संध्याकाळ ठेकेदाराच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. शेवटी चपात्या लाटायला एक बाई घ्यायला ठेकेदार कबूल झाला. हे पुन्हा गेले आणि तिला लेकरांसकट घेऊन आले. शेजारच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू होते. मालकिणीने गोठ्याशेजारची कडब्याची खोली रिकामी केली. मी भाड्याचं विचारायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं तिला. मानूस हाय का न्हाई ते आधी बघावं, भाडं मागनं." तिच्या तोंडून हे ऐकायला मला इतकी वर्षं थांबावं लागलं होतं.

कामाच्या पहिल्या दिवशी बाई भेदरलेली होती. मीही गेटापर्यंत आले. हे पुढे, आम्ही दोघी मागे, तीच वाट, तेच रूळ. ती बारीक झाली होती, पण चाल तीच, हंडा डोक्यावर असल्यासारखी ताठ. कडुलिंबापाशी ती क्षणभर थांबली. मी तिचा हात धरला.

दिंडीपाशी आल्यावर हे सवयीने बाजूला झाले. तिला जागा करून दिली आणि खाली बघत राहिले. त्यांचे ओठ नुसते हलले. मला कळलं कोणते शब्द अडलेत ते. मागून माणसं येत होती, कोणीतरी म्हणालं, चला की.

बाईने पदर खोचला, दिंडीतून आत डोकावून बघितलं आणि मागे सरली.

"तुमी व्हा म्होरं, भाऊजी," ती म्हणाली. "मला आतलं काई ठावं न्हाई."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिच्या गावाकडे कोणीही कोणालाही असंच म्हणतं. वाट माहीत असलेल्याने आधी जायचं, एवढाच त्याचा अर्थ. ह्यांनी वर बघितलं, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी फक्त मान हलवली. मग ते वाकले आणि आत गेले, आणि आतून त्यांनी दिंडीची फळी धरून ठेवली, तिच्या डोक्याला लागू नये म्हणून.

ती आत गेली. भोंगा झाला, गेटावरची गर्दी ओसरली. भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं, रूळ ओलांडता ओलांडता. ह्यांनी तो प्रश्न त्यानंतर कधी विचारला नाही, आणि मीही काढला नाही.